मस्कतचा खजूर

कोरेगाव भीमा येथील स्तंभावर 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांत महार, मराठे, रजपूत व मुसलमान आहेत, आणि एकदोन नावे यहुद्यांचीही आहेत. आपल्या जुन्या घरांत सुभेदार, जमादार, हवालदार ही बिरुदे पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत, त्याची साक्ष हा दगड देतो. लढाया कोणी जिंकल्या हे पुस्तकांत सापडते. पलटणीमागून फिरलेल्या मुलांचे पुढे काय झाले, हे मात्र घरच्यांनीच सांगावे लागते.

या मुलांना लष्कराने एक मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे शाळा. मुंबईच्या पलटणींत शिपायांच्या मुलामुलींना शिकणे सक्तीचे असे. डॉ. आंबेडकर 1891 साली महूच्या छावणीत जन्मले. त्यांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पुढे 1890 च्या दशकात पलटणींची जातवार बांधणी झाली. महारांची भरती थांबली आणि आपला लहानसा समाजही मागे पडला. तरी आपली काही माणसे लष्करी दवाखान्यांत व कचेऱ्यांत टिकून राहिली.

आमचे पणजोबा त्यांपैकीच, कंपाउंडर. एडनचा कारभार 1932 पर्यंत मुंबई सरकारकडे होता, म्हणून तेथे आपली कुटुंबे असत. आमच्या आजीचे कोवळे वय तेथल्या लैनीत गेले. 1913 साली ओमानच्या डोंगरी मुलखातील टोळ्यांनी इमामाच्या झेंड्याखाली बंड केले आणि सुलतानाच्या मदतीस हिंदी फौज मस्कतला गेली. मागाहून पणजोबांची बदली तिकडे झाली. पणजी आणि चार मुले एडनलाच राहिली.

मस्कतजवळ रुवी येथे बैत अल् फलज नावाची गढी आहे. 11 जानेवारी 1915 रोजी सुमारे 3000 टोळीवाल्यांनी तेथील तळावर हल्ला केला. समोर सुमारे 700 हिंदी शिपाई होते. त्यांत 102 वी ग्रेनेडिअर्स होती, म्हणजे कोरेगावचीच जुनी पलटण. हल्ला मोडला, समेट व्हायला मात्र 1920 साल उजाडले. त्या गढीत 1988 पासून ओमानच्या सैन्याचे संग्रहालय आहे.

बातमी एडनला लवकर आली, पण वडील जिवंत आहेत हे कळायला पत्राची वाट पाहावी लागली. पणजीला अक्षरओळख नव्हती. लैनीच्या शाळेत शिकलेली आजीच पत्रे वाचून दाखवी. ताप, मलमपट्टी, मेलेली माणसे, या ओळी ती गाळी. "बाबा खुशाल आहेत," एवढेच आईला सांगे आणि पाणी भरायच्या निमित्ताने बाहेर जाऊन रडून घेई. तेव्हा तिला चौदावे लागले होते.

पणजोबा परतले ते खजुराची करंडी घेऊन. त्या शनिवारी रात्री एलियाहू हन्नाबीच्या मलिद्यात मस्कतचा खजूर पडला.

त्या खजुराला आणखी एक इतिहास आहे. 1820 साली मुंबईच्या शिपायांची एक तुकडी ओमानातील बनी बू अली टोळीपुढे कापली गेली. मार्च 1821 मध्ये जनरल लायोनेल स्मिथ मोठी फौज घेऊन गेला. टोळीचा पाडाव झाला, तट पाडले, खजुरीची झाडे तोडली. कैद्यांना मुंबईस आणून दोन वर्षे ठेवले आणि मग पैसे देऊन परत धाडले. त्या लढाईचे नाव मुंबईच्या पलटणींच्या निशाणांवर चढले. पण बनी बू अलीतही आजीच्या वयाच्या मुली असतील, आणि त्यांना तर वाचायला पत्रही नव्हते. 1835 साली वेलस्टेड नावाचा इंग्रज अधिकारी भीतभीतच तेथे गेला, तेव्हा त्याच टोळीने त्याचे प्रेमाने स्वागत केले.

आजीची शिस्त घरात सर्वांना ठाऊक होती. तिची पेटी नेहमी बांधलेली असे आणि रडगाणे तिला खपत नसे. आम्ही नर्स झालो ते तिच्याच वळणामुळे. परंतु येथे आल्यावर, 1981 साली, तिने आपले दुखणेही तसेच गाळले. दिवसभर वॉर्डात आम्ही लोकांच्या नाड्या पाहत होतो आणि घरी "मी खुशाल आहे" हे उत्तर खरे मानीत होतो. दुखणे कळले तेव्हा फार उशीर झाला होता.

आज आपली नातवंडे गणवेश चढवतात आणि धाकटी भावंडे घरी फोनकडे पाहत बसतात. ती पोरे फार समजूतदार वागू लागली की आपण कौतुक करतो. कौतुक जरूर करावे, पण त्यांना जवळ बसवून विचारावेही, "बाळा, कोणती ओळ गाळलीस?"