तळटीप : होमर कमिंग्स
* होमर कमिंग्स (१८७०–१९५६) : अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील फेअरफील्ड काउंटीचे सरकारी वकील (१९१४–१९२४). फेब्रुवारी १९२४मध्ये ब्रिजपोर्ट शहरात फादर ह्यूबर्ट डाम यांचा भररस्त्यात गोळी घालून खून झाला. आरोपी हॅरोल्ड इस्रायल याचा कबुलीजबाब, रिव्हॉल्व्हर आणि साक्षीदार, सारे पोलिसांच्या हाती होते. तरी कमिंग्स यांनी प्रत्येक पुरावा पुन्हा तपासला. गोळी त्या रिव्हॉल्व्हरमधली नव्हती आणि कबुली थकून गेलेल्या माणसाने दिली होती, असे आढळताच त्यांनी खटला मागे घेतला. सरकारी वकिलाने निरपराधालाही तितक्याच निष्ठेने वाचवले पाहिजे, याचा हा वस्तुपाठच. १९३३ ते १९३९ या काळात ते देशाचे ॲटर्नी जनरल होते. इलिया कझान यांचा ‘बूमरँग’ (१९४७) हा चित्रपट याच खटल्यावर आधारित आहे. — संपादक