यूएसएस ब्लू रिज: मोठ्या तोफा नसलेली नौका सातव्या आरमाराचं नेतृत्व कसं करते?

१९७१च्या भारत-पाक युद्धात अमेरिकेने बंगालच्या उपसागरात सातव्या आरमाराचा एक ताफा पाठवला होता. त्याच आरमाराची आजची प्रमुख नौका म्हणजे 'यूएसएस ब्लू रिज'. आरमाराचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल आणि त्यांचे अधिकारी याच नौकेवरून काम करतात.

कमांड शिप म्हणजे काय?

कमांड शिप म्हणजे समुद्रावरचं फिरतं मुख्यालय. उपग्रह, रडार आणि इतर नौकांकडून आलेली माहिती इथे एकत्र होते आणि इथूनच आदेश सुटतात. पूर्वी मालवाहू जहाजांच्या बांधणीवर आधारित नौका हे काम करत. पण सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या नव्या जहाजांपुढे त्यांचा वेग कमी पडू लागला. म्हणून खास याच कामासाठी दोन नौका बांधल्या गेल्या: 'ब्लू रिज' आणि 'माउंट व्हिटनी'.

१९० मीटरहून लांब असलेल्या 'ब्लू रिज'चा वेग सुमारे २३ नॉट, म्हणजे ताशी ४२ किलोमीटर आहे. अँटेनांच्या कामात अडथळा नको म्हणून तिचा डेक बराचसा मोकळा ठेवला आहे. शस्त्रं मात्र स्वसंरक्षणापुरतीच आहेत.

सायगाव ते आखात

१४ नोव्हेंबर १९७० रोजी ती नौदलात दाखल झाली. एप्रिल १९७५मध्ये सायगाव पडण्याच्या बेतात असताना हेलिकॉप्टरने सुमारे ७ हजार लोकांना बाहेर काढण्यात आलं. या मोहिमेत समुद्रावरचं नियंत्रण 'ब्लू रिज'वरून होत होतं. अमेरिकेचे राजदूत ग्रॅहम मार्टिन याच नौकेवर उतरले. दक्षिण व्हिएतनामी वैमानिकही कुटुंबांसह येत राहिले. डेकवर जागा उरेना, तेव्हा रिकामी हेलिकॉप्टर समुद्रात ढकलावी लागली.

१९७९पासून तिचा तळ जपानमधील योकोसुका इथे आहे. १९९०-९१च्या आखाती संघर्षात अमेरिकी नौदलाची सूत्रं तिच्यावरून हलली. २०११च्या जपानमधील त्सुनामीनंतर तिने मदतसाहित्य पोहोचवलं.

भारताशी संबंध काय?

सातव्या आरमाराचं कार्यक्षेत्र पश्चिमेला भारत-पाकिस्तान सीमारेषेपर्यंत येतं. म्हणजे कोकण किनाऱ्यासमोरचा समुद्रही त्यातच मोडतो.

इतकी जुनी नौका अजून का?

मुख्यालय जमिनीवर असेल, तर यजमान देशाची मर्जी सांभाळावी लागते. नौका मात्र घटनास्थळाजवळ जाऊन खुल्या समुद्रात उभी राहू शकते. पण युद्धात संपूर्ण नेतृत्व एकाच, तुटपुंज्या शस्त्रांच्या जहाजावर असणं धोक्याचंही ठरतं. अर्धशतक उलटूनही हा प्रश्न सुटलेला नाही.