मानमोडी : आजारी कोंबडीच्या शुश्रूषेचा इतिहास

पहाटे खुराड्याचें दार उघडलें कीं कोंबड्या एकमेकींना ढकलीत बाहेर पडतात. त्यांतली एखादी मागें राहिली आणि पिसें फुलवून, मान आंत ओढून, डोळे मिटून कोपऱ्यांत बसली, तर घरच्या बाईला आणखी कांहीं सांगावें लागत नाहीं. कोंबडी ही मुळांत रानांतल्या शिकाऱ्यांच्या तोंडचा घास. आपला अशक्तपणा दाखविणें तिला परवडत नाहीं; म्हणून ती दुखणें शक्य तोंवर लपविते. तें माणसाच्या नजरेस येतें, तेव्हां बहुधा पुष्कळ पुढें गेलेलें असतें. तिच्या शुश्रूषेचा सारा इतिहास या अडचणीभोंवतीं फिरतो : वेळ थोडा, साधनें थोडीं, आणि त्याच दाण्यापाण्यावर जगणाऱ्या दुसऱ्या दहाजणी शेजारीं उभ्या.

उल्हास नदीच्या खोऱ्यांत, बदलापूरला लागून असलेलें शिरगांव आज शहराच्या पोटांत आलें आहे. या भागांतून १८५६ सालीं बोरघाटाच्या पायथ्याकडे जाणारी आगगाडी सुरू झाली. १९४९ सालीं कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागीं निर्वासितांचें उल्हासनगर नांवारूपास आलें. पुढें भातखाचरांच्या जागीं इमारती उठल्या. परंतु या खोऱ्यांतील आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी घरांतून कोंबडी पाळण्याची चाल रुळांपेक्षां पुष्कळ जुनी. खळ्यावरची सांडलवंड, कणी, कोंडा आणि उकिरड्यावरचे किडे यांवर ती वाढे. शेत घरधन्याचें, बैल घरधन्याचे; अंड्यांचा पैसा मात्र बहुधा बाईच्या हातीं राही. मीठ, तेल, मुलाची पाटी हें त्यांतून निघे. खुराड्यांत साथ शिरली म्हणजे दोनचार दिवसांत त्या बाईचा बटवा रिकामा होई.

अशा वेळीं ती काय करी? आजारी कोंबडी उचलून डालग्याखालीं, चुलीच्या उबेजवळ ठेवी. गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीवर बोट दाबून दाणा उतरला कीं तुंबला तें पाही. मऊ भात, लसूण, हळद चोंचींत भरवी. आजच्या ज्ञानानें पाहिलें तर यांतलें बरेंचसें योग्यच होतें. वेगळें ठेवणें, ऊब देणें, पाणी व हलकें अन्न देणें, यापेक्षां निराळा आरंभ आजचा पशुवैद्यहि सांगत नाहीं. चुका होत त्या दुसऱ्या. पाणी बळेंच घशांत ओतलें तर तें श्वासनलिकेंत उतरून पक्षी गुदमरे. हाताला अंग कढत लागलें कीं ताप आहे असें समजलें जाई. वस्तुतः निरोगी कोंबडीच्या अंगाची उष्णताच सुमारें १०६ ते १०७ अंश फॅरनहाइट असते, आणि माणसाच्या हाताला ती नेहमींच ऊन लागते.

याहून मोठी चूक मायेच्या पोटीं नव्हे, गरजेच्या पोटीं होई. एक कोंबडी मान टाकूं लागली कीं उरलेल्यांची किंमत येईल तेवढी पदरांत पाडून घ्यावी म्हणून त्या बाजारांत नेऊन विकीत; आजारी होती ती कापून खात, आणि पिसें व आंतडीं उकिरड्यावर फेकीत. बाजारांतून ती पांटी दुसऱ्या गांवीं गेली कीं रोगहि तिच्याबरोबर जाई. दोष द्यावा कोणाला? दोन पैसे वांचविण्यासाठीं तिच्यापाशीं दुसरा उपायच नव्हता.

सरकारी विद्येचें लक्ष त्या काळीं इकडे नव्हतें. मुंबईंत परळ येथें १८८३ सालीं बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवानें जनावरांचें रुग्णालय स्थापन झालें आणि १८८६ सालीं तेथेंच पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें. जनावरांच्या रोगांचें संशोधन करणारी हिंदुस्थानांतील मोठी प्रयोगशाळा १८८९ सालीं पुण्यांत सुरू होऊन १८९३ सालीं कुमाऊंच्या डोंगरांतील मुक्तेश्वर येथें हलविली गेली. परंतु या साऱ्या उद्योगामागें चिंता होती ती घोड्याची आणि बैलाची. एक लष्कराचा, दुसरा शेतसाऱ्याचा आधार. कोंबडी कोणत्याच हिशेबांत नव्हती.

आश्चर्य असें कीं, त्याच सुमारास परदेशांत आजारी कोंबडी मोठमोठ्या शास्त्रज्ञांची गुरु होऊन बसली होती. पाश्चर हा १८७९ मध्यें कोंबड्यांच्या पटकीचे जंतु वाढवीत होता. कित्येक दिवस पडून राहिलेले जंतु टोंचले तर कोंबड्या मरत नाहींत, आणि पुढें ताजे जंतु टोंचले तरी त्या तग धरतात, असें त्यास दिसून आलें. प्रयोगशाळेंत जंतु दुबळे करून लस बनविण्याची विद्या येथून सुरू झाली. त्यानंतर कांहीं वर्षांनीं जावा बेटावर आयक्मान या डच वैद्याच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडूं लागले. त्यांना रुग्णालयाच्या स्वयंपाकघरांतला सडलेल्या तांदुळाचा पांढरा भात मिळत होता. नव्या स्वयंपाक्यानें तो देण्याचें नाकारलें, कोंड्यासहित तांदूळ सुरू झाला, आणि पक्षी बरे झाले. बेरीबेरीच्या कारणाचा धागा या निरीक्षणांतून हातीं लागला व १९२९ सालीं आयक्मानला नोबेल पारितोषिक मिळालें. कणीबरोबर मूठभर कोंडा टाकणारी कोंकणांतली बाई आपल्या कोंबड्यांना या दुखण्यापासून नकळत वांचवीतच होती.

मग १९२६ च्या सुमारास एक नवें अरिष्ट आलें. जावा आणि इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें त्या सालीं, व लौकरच कुमाऊंतील राणीखेत येथें, कोंबड्यांचे कळपच्या कळप मरूं लागले. हिंदुस्थानांत या रोगाचें नांव राणीखेत असेंच पडलें. चोंच उघडी टाकून धापा टाकणें, हिरवट हगवण, पंख गळणें, आणि जगली तर मान पिळवटून मागें वळणें हीं त्याचीं लक्षणें. मराठी माणसानें या रोगाला ‘मानमोडी’ म्हटलें. तो शब्द त्याला नवा नव्हता. १९१८ च्या इन्फ्लुएंझानें घरोघरीं माणसें नेलीं, तेव्हां त्या साथीलाहि लोक मानमोडीच म्हणत. दोन्ही रोग निरनिराळ्या विषाणूंचे. परंतु आजारी जीवाजवळ बसून ऊब आणि पाणी देण्यापलीकडे हातांत कांहीं नाहीं, ही असहायता मात्र एकच. राणीखेतवर नेमकें औषध आजहि नाहीं.

उपाय निघाला तो प्रतिबंधाचा, आणि तो मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेंतून. हॅडो व इदनानी यांनीं कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांत विषाणु पुनः पुनः वाढवून तो सौम्य केला, आणि त्या लशीची हकीकत १९४६ सालीं प्रसिद्ध झाली. मोठ्या कुक्कुटशाळांचा पुढचा व्याप अशा लशींच्या आधारावर उभा आहे. शिरगांवच्या अंगणाला मात्र तिचा लाभ सहजीं होईना. कुपी शेंकडों पक्ष्यांची, अंगणांत कोंबड्या पांच. लस बर्फांत ठेवावयाची आणि कालविल्यावर थोड्या तासांत संपवावयाची. पुढें ऑस्ट्रेलियांत उष्णता सोसणाऱ्या, डोळ्यांत थेंब टाकून देतां येणाऱ्या लशी खेड्यांतील कोंबड्यांसाठीं मुद्दाम तयार झाल्या, त्या हीच अडचण ओळखून. जेथें चारपांच घरें मिळून एकाच दिवशीं आपापल्या कोंबड्या आणतात, तेथें जुनी कुपीहि वांया जात नाहीं.

फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें भारतांत प्रथमच पक्ष्यांचा इन्फ्लुएंझा आढळला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. फेब्रुवारी २०२२ मध्यें तो ठाणें जिल्ह्यांतच, शहापूर तालुक्यांतील वेहळोली येथें प्रकटला. या रोगापासून माणसालाहि धोका असतो. म्हणून डालग्याखालच्या शुश्रूषेला आतां एक मर्यादा पडली आहे. एखादी कोंबडी एकटीच मलूल असेल तर ती वेगळी काढावी, उबेंत ठेवावी, पाणी तिच्या चोंचीपुढें धरावें, तिचें काम शेवटीं करून हात साबणानें धुवावे, आणि पशुवैद्याला दाखवावी. परंतु एकीमागून एक मरूं लागल्या, तर त्यांना हात न लावतां सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावें. विकूं नये, कापूं नये, उघड्यावर टाकूं नये.

हें सांगणें सोपें आहे. ज्या बाईचा बटवा त्या पांच कोंबड्यांत आहे, तिला बाजाराची वाट सोडून दवाखान्याची वाट धरणें सोपें नाहीं. ती वाट धरते तेव्हां ती स्वतःचें नुकसान सोसून शेजारणींचीं खुराडीं वांचविते. दुसऱ्या दिवशीं पहाटे त्या खुराड्यांचीं दारें उघडतात, आणि तेथल्या कोंबड्या एकमेकींना ढकलीत बाहेर पडतात.