"आधी जीव वाचवू, मग बघू": कॅन्सर, तरुण जोडपी आणि राहून गेलेला प्रश्न

लग्नाला दीड वर्ष झालेलं. नवऱ्याच्या मानेत गाठ आली आणि तपासणीत हॉजकिन लिम्फोमा निघाला. पहिल्या औषधांनी पुरेशी दाद दिली नाही, म्हणून अधिक तीव्र औषधं द्यावी लागली. आजार आटोक्यात आला. वर्षभराने हे दोघं माझ्यासमोर बसले, तेव्हा वीर्यतपासणीच्या अहवालात शुक्राणूंची संख्या शून्य होती. बायको हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टर, उपचारांच्या आधी कुणी एका शब्दाने सांगितलं असतं तर?"

तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण असं का घडतं याला एक इतिहास आहे. तो तुम्हाला सांगतो, कारण तो कळला की आपण नेमकं केव्हा आणि काय विचारायचं हेही कळतं.

औषध सापडलं आणि त्याची किंमतही कळली

केमोथेरपीची सुरुवात युद्धातल्या विषापासून झाली. पहिल्या महायुद्धात वापरलेल्या मस्टर्ड वायूच्या कुळातलं नायट्रोजन मस्टर्ड हे रसायन 1942 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लिम्फोमाच्या रुग्णाला पहिल्यांदा दिलं गेलं. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर ते घाला घालतं. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण शुक्राणू तयार करणाऱ्या पेशीही तशाच असतात. स्त्रीच्या अंडाशयातला बीजांचा साठा तर जन्मतःच ठरलेला असतो. तो एकदा जळाला की नव्याने भरत नाही.

हे डॉक्टरांना उशिरा कळलं असं नाही. 1948 मध्येच सोफी स्पिट्झ या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने नायट्रोजन मस्टर्ड घेतलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनावर निबंध लिहिला. त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या वृषणांमध्ये शुक्राणू तयार होणं थांबलेलं होतं. पण त्या काळी असे रुग्ण फार दिवस जगतच नसत. जो जगणार नाही, त्याला मूल हवं का, हे कोण विचारणार?

मग चित्र पालटलं. 1960च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत व्हिन्सेंट डीव्हिटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉजकिनसाठी 'मॉप' नावाची चार औषधांची जोडणी वापरली. 1970 मध्ये तिचे निकाल छापून आले. जवळपास हमखास मारणारा हा आजार बरा होऊ लागला. मात्र बऱ्या झालेल्या बहुसंख्य पुरुषांचे शुक्राणू गेले होते. यातले कितीतरी जण विशी-तिशीतले होते. आता त्यांच्यापुढे आयुष्य होतं, आणि त्याबरोबर हा प्रश्नही.

पुढे इटलीतल्या मिलान शहरात जियानी बोनाडोना यांनी 'एबीव्हीडी' ही दुसरी जोडणी आणली. ती आजारावर प्रभावी होतीच, शिवाय प्रजननशक्तीला बरीच कमी धक्का लावणारी होती. म्हणून आजही तुम्ही "कोणतं औषध?" असं विचारता, तेव्हा तो प्रश्न फक्त उलट्या आणि केस गळण्यापुरता नसतो.

चुकीच्या लेबलची बाटली

याच काळात दुसरीकडे एक वेगळी गोष्ट घडत होती. 1949 मध्ये लंडनजवळच्या मिल हिल इथे पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स हे संशोधक कोंबड्याचे शुक्राणू गोठवण्याचा खटाटोप करत होते. एका बाटलीतल्या द्रावणात ते अचानक जिवंत राहिले. लेबलवर साखरेचं नाव होतं. तपासल्यावर कळलं की लेबलांची अदलाबदल झाली होती आणि बाटलीत ग्लिसरॉल होतं! बर्फाच्या स्फटिकांपासून पेशीला वाचवणारा पदार्थ असा चुकून हाती आला.

1953 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात बंज आणि शर्मन यांनी गोठवलेल्या मानवी शुक्राणूंपासून गर्भधारणा झाल्याचं जाहीर केलं.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. औषधाने शुक्राणू जातात हे 1948 मध्ये माहीत होतं. शुक्राणू आधी साठवता येतात हे 1953 मध्ये माहीत होतं. तरीही पुढची कित्येक दशकं बहुतेक तरुण रुग्णांना हे सांगितलंच गेलं नाही. कॅन्सरचे डॉक्टर एका इमारतीत आणि वंध्यत्वाचे दुसऱ्या. वेळ कमी, विषय अवघड, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: "आधी जीव वाचवू, मग बघू."

आजारी माणसाचे शुक्राणू कमी आणि कमकुवत असतात, ते साठवून काय उपयोग, असंही तेव्हा म्हटलं जाई. 1992 मध्ये ब्रुसेल्समधल्या पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी एकच शुक्राणू थेट बीजात सोडण्याची 'इक्सी' पद्धत यशस्वी केली आणि त्या शंकेतला जोर गेला. आता मोजके शुक्राणू साठवलेले असले तरी आशा असते.

स्त्रियांची वाट अवघड होती

स्त्रीबीज आकाराने मोठं, पाण्याने भरलेलं असतं. गोठवताना ते सहज फुटतं. गर्भ गोठवणं त्या मानाने आधी जमलं, आणि या कथेत आपल्या देशाचं एक दुखरं पान आहे. 3 ऑक्टोबर 1978 रोजी, म्हणजे जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीनंतर 70 दिवसांनी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. त्यांनी गर्भ 53 दिवस गोठवून मग गर्भाशयात ठेवला होता. सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा फेटाळला आणि 1981 मध्ये त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. 1986 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूने टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आणली. पुढे याच आनंद कुमार यांनी मुखर्जींची कागदपत्रं अभ्यासली आणि पहिलेपणाचा मान त्यांना दिला.

बीजं अतिशय वेगाने गोठवण्याचं तंत्र नंतर रुळलं. 2012 मध्ये अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने बीज गोठवण्यावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला. त्यामुळे लग्न न झालेल्या तरुणीलाही पर्याय मिळाला.

आणखी एक वाट बेल्जियममध्ये उघडली. 1997 मध्ये हॉजकिनच्या एका तरुण रुग्णाच्या अंडाशयाचा तुकडा केमोथेरपीआधी काढून गोठवला गेला. उपचारांनंतर तिची पाळी थांबली. 2003 मध्ये डॉ. जाक डोनेझ यांनी तो ऊतक तिच्या शरीरात परत बसवला आणि 2004 मध्ये तिला मूल झालं. त्यानंतर या मार्गाने जगभरात शंभराहून अधिक बाळं जन्मली आहेत. यात हार्मोनची इंजेक्शनं लागत नाहीत, म्हणून वयात न आलेल्या मुलींसाठीही हा मार्ग आहे. ल्युकेमियात मात्र त्या तुकड्यातून आजार परत येण्याचा धोका असतो.

2006 मध्ये दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेतल्या टेरेसा वुड्रफ यांनी या विषयाला 'ऑन्कोफर्टिलिटी' हे नाव दिलं. आणि तिथल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने पहिल्यांदाच लेखी सांगितलं की प्रजननशक्तीबद्दल रुग्णाशी उपचारांआधीच बोला. 1953 ते 2006: तंत्र हाती असूनही प्रश्न विचारायला अर्धशतक लागलं.

आणि जवळीक?

मुलाचा प्रश्न निदान आता विचारला जातो. शरीरसंबंधांचा विषय अजूनही दाराबाहेरच थांबतो. आपल्या भाषेत हे बोलण्याची परंपराच नाही, असं मात्र म्हणू नका. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले सोसले. 1934च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. स्वच्छ मराठीत लैंगिक आरोग्याबद्दल लिहिता येतं, हे त्यांनी तेव्हाच दाखवलं.

1976 मध्ये जॅक अॅनन या मानसशास्त्रज्ञाने लैंगिक अडचणींवर मदत करण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. पहिली पायरी औषधाची नाही, परवानगीची आहे: "हे तुम्ही इथे बोलू शकता." अनेक जोडप्यांना एवढ्यानेच अर्धं ओझं उतरल्यासारखं वाटतं.

म्हणून काही गोष्टी इथे सरळ सांगतो.

- कॅन्सर शरीरसंबंधातून जोडीदाराला होत नाही. केमोथेरपीच्या दिवसांत काही काळ कंडोम वापरायला सांगतात, ते औषधाचा अंश आणि संसर्ग टाळण्यासाठी.
- पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणारच नाही असं नाही. उपचार चालू असताना गर्भनिरोधन हवंच. कोणतं, ते डॉक्टरांना विचारा.
- थकवा, इच्छा कमी होणं, योनी कोरडी पडणं, ताठरता न येणं हे उपचारांचे परिणाम आहेत. प्रेम आटल्याची खूण नव्हे. वंगण, योनिमार्गाचे व्यायाम, गोळ्या, समुपदेशन असे उपाय आहेत. स्तनाच्या कॅन्सरनंतर हार्मोनयुक्त मलम मात्र तज्ज्ञांना विचारूनच लावा.
- काही आठवडे संभोगाचं ध्येयच बाजूला ठेवा. हात धरणं, पाठीवरून हात फिरवणं, एकत्र झोपणं. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी 1970 मध्ये मांडलेला हा मार्ग आजही कामाला येतो.

मूल झालं तर आजार उलटेल का?

हा प्रश्न स्तनाच्या कॅन्सरनंतर हमखास येतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पॉझिटिव्ह' अभ्यासात 42 वर्षांपर्यंतच्या 500हून अधिक स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षं हार्मोनविरोधी गोळ्या घेतल्यावर, गर्भधारणेसाठी त्या दोन वर्षांपर्यंत थांबवल्या. सुमारे साडेतीन वर्षांच्या काळात त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही आणि 365 बाळं जन्मली. दीर्घकालीन निरीक्षण चालू आहे. म्हणून गोळ्या मनाने थांबवू नका. पण "तुम्ही आता मुलाचा विचारच करू नका" हे उत्तरही शेवटचं मानू नका.

पहिल्या सलाइनच्या आधी विचारा

1. या उपचारांनी माझ्या प्रजननशक्तीला किती धोका आहे?
2. उपचार किती दिवस थांबू शकतात? शुक्राणू साठवायला एक-दोन दिवस पुरतात, बीजं काढायला साधारण दोन आठवडे लागतात.
3. प्रजननतज्ज्ञांची भेट याच आठवड्यात मिळेल का?
4. उपचार संपल्यावर मुलासाठी किती काळ थांबायचं?

कधी थांबायला खरंच वेळ नसतो. तेव्हा जीव आधी, यात वाद नाही. पण निदान तो निर्णय तुम्हाला सांगून झालेला असेल.

ते जोडपं आता दत्तक मुलासाठी नाव नोंदवून वाट पाहतंय. गेल्या भेटीत दोघं हसत होते. निघताना नवरा दारात थांबला आणि म्हणाला, "आमच्यासारखं कुणी नवीन आलं, तर त्यांना पहिल्याच दिवशी सांगा." हा लेख त्यासाठीच लिहिला आहे.