माकडांच्या गावातून पर्यावरणशास्त्राकडे

परंडा तालुक्यातल्या सोनारीला काळभैरवनाथाच्या दर्शनाला जाऊन आलेला माणूस देवाबरोबर माकडांचीही आठवण घेऊन येतो. हातातला प्रसाद कधी हिसकावला गेला, ते कळतही नाही. देवाच्या आवारातली म्हणून लोक त्यांना सांभाळून घेतात. याच धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात तर ३२ एकर जमीन कागदोपत्री माकडांच्या नावावर आहे. ही गोष्ट २०२२ साली वर्तमानपत्रांतून गाजली. नोंद कोणी आणि केव्हा केली, हे गावकऱ्यांनाही सांगता आले नाही.

आता समजा, अशा गावातली एखादी मुलगी बारावी सायन्स झाली आणि म्हणाली, ‘मला पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी. करायचंय.’ घरचे पहिला प्रश्न विचारणार, ‘हे शिकून काय होणार?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर हा विषय महाविद्यालयात आला कसा, ते पाहावे लागते.

त्याची एक वाट नागपुरातून निघते. तिथे १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली. पिण्याचे पाणी शुद्ध कसे करावे आणि सांडपाण्याचे काय करावे, हे तिचे मुख्य प्रश्न. १९७२ साली स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावर जागतिक परिषद भरली, इंदिरा गांधी तिथे बोलल्या आणि १९७४ मध्ये या संस्थेच्या नावात ‘पर्यावरण’ हा शब्द आला. तीच आजची ‘नीरी’. त्याच वर्षी देशात जलप्रदूषणाचा कायदा झाला. महाराष्ट्राने आपले प्रदूषण नियंत्रण मंडळ त्याआधीच, १९७० मध्ये स्थापन केले होते. १९८४ मध्ये भोपाळची वायुदुर्घटना घडली, १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि १९९४ पासून ठरावीक मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास बंधनकारक झाला. कायदा आला म्हणजे पाण्याचे नमुने तपासणारी, हवा मोजणारी, अहवाल लिहिणारी माणसे लागणार. या पदवीच्या नोकऱ्यांची मुळे इथे आहेत.

दुसरी वाट न्यायालयातून आली. महेशचंद्र मेहता या वकिलांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्यास सांगितले. चित्रपटगृहांत पर्यावरणाच्या स्लाइड दाखवाव्यात आणि आकाशवाणी-दूरदर्शनने रोज पाच-सात मिनिटे या विषयाला द्यावीत, असेही त्या निकालात होते. तरीही पदवीच्या सर्व शाखांसाठी अभ्यासक्रम आखला जाऊन लागू व्हायला २००३ उजाडले. त्यात ५० तासिका होत्या. क्षेत्रकार्याला त्यांतल्या पाच तासिकांइतका वेळ आणि १०० पैकी २५ गुण होते. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. इराक भरुचा यांनी लिहिले.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्वांना सक्तीचा असलेला ‘पर्यावरण अभ्यास’ वेगळा आणि तीन-चार वर्षांची ‘पर्यावरणशास्त्रा’ची पदवी वेगळी. पहिल्यात ओळख होते. दुसऱ्यात रसायन, जीवशास्त्र, भूशास्त्र, संख्याशास्त्र आणि कायदा एकत्र शिकावे लागतात. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात या विषयात बी.एस्सी. करता येते. सक्तीचा पेपर मात्र पुष्कळ ठिकाणी गाईड वाचून पास होण्यापुरता उरला. क्षेत्रकार्याचा अहवाल मित्राच्या वहीतून उतरवला, तर त्या २५ गुणांना काय अर्थ राहिला?

कारण या शास्त्राची तिसरी वाट पायी चालूनच तयार झाली आहे. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया हिंडून पाहिल्या. देवाच्या भयाने कुऱ्हाड न लागलेल्या त्या तुकड्यांत दुर्मीळ झाडे टिकून होती. गावकऱ्यांची श्रद्धा ही संरक्षणाची जुनी व्यवस्था आहे, हे त्यांनी शास्त्राच्या भाषेत मांडले. त्या पिढीला पर्यावरणशास्त्राची पदवी नव्हती. ते शिकले गावातल्या लोकांना विचारून आणि झाडे मोजून.

म्हणून त्या मुलीने पदवी जरूर घ्यावी, पण नोकरीचा हिशेब डोळे उघडे ठेवून करावा. फक्त बी.एस्सी.वर जागा मोजक्याच, पुढे एम.एस्सी. किंवा प्रयोगशाळेतले एखादे पक्के कौशल्य लागते. आणि तिचा पहिला प्रकल्प गावातच आहे. माकडांना पूर्वी रानात काय खायला मिळत होते? त्यांतली किती झाडे उरली? दुष्काळाच्या वर्षी ती वस्तीकडे किती येतात, पिकाचे नुकसान कोण सोसतो? विहिरीचे पाणी मार्गशीर्षात किती खोल असते आणि चैत्रात, भैरवनाथाच्या यात्रेच्या दिवसांत, किती?

उपळ्याच्या कोणा अनामिक माणसाने ३२ एकरांवर माकडांचे नाव लावले, तेव्हा त्याच्यासमोर कोणताही अभ्यासक्रम नव्हता. आपल्या मुलांसमोर आज तो आहे. फक्त वर्गाचे दार शिवाराकडे उघडले पाहिजे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)