सहाशे साचे

मूलच्या बाजारपेठेत पूर्वी एक खिळेछापखाना होता. आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिका आणि पंचक्रोशीतल्या लग्नपत्रिका तेथेच छापल्या जात. पुढे ऑफसेट आले, संगणक आला आणि तेथले टाइप किलोच्या भावाने भंगारात गेले. त्यातले थोडे शिसे तलावावर मासे धरणाऱ्यांनी नेल्याचे आम्हाला मागाहून कळले. घरच्या चुलीवर पळीत शिसे वितळवायचे, साच्यात ओतायचे, की जाळ्याच्या काठाला ओवायच्या गोळ्या तयार! ज्या खिळ्यांनी आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या लग्नाचे मुहूर्त छापले, ते आता कुठल्याशा तलावाच्या तळाशी जाऊन येत असतील.

शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. त्यासाठी भट्टी लागत नाही, स्वयंपाकघरातली चूल पुरते. म्हणूनच बंदुकीच्या गोळ्या पाडणे हा जगभर कित्येक शतके घरगुती उद्योग होता. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कमधल्या बंडखोरांनी तिसऱ्या जॉर्ज राजाचा शिशाचा पुतळा पाडला. त्याचे तुकडे लिचफिल्ड या गावी नेण्यात आले आणि तेथल्या बायकामुलांनी त्यांतून ४२,०८८ गोळ्या ओतल्याची नोंद आहे. अशा कामाला एकाच साच्यात अनेक खळगे असलेले सांडशीसारखे साचे सोयीचे, कारण एका ओतीत पाच-सहा गोळ्या निघतात.

टाइपाचा साचा याच कुळातला, पण त्याची अडचण नेमकी उलटी. गोळीच्या साच्यात खळगे अनेक असले तरी गोळी एकच. टाइप ओतणाऱ्याच्या हातातल्या साच्यात पोकळी एकच असते आणि तीतून शेकडो निरनिराळी अक्षरे काढायची असतात. त्यासाठी प्रत्येक अक्षराचा पोलादी ठसा कोरायचा, तो तांब्यावर ठोकून मातृका करायची, ती साच्याच्या तळाशी बसवायची आणि मग वरून शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतायचा. अँटिमनीमुळे धातू कठीण होतो आणि थिजताना फारसा आकसत नाही, त्यामुळे अक्षराची कड शाबूत राहते. मराठी वाङ्मयेतिहासातली एक मोठी गाठ या मातृकांच्या संख्येपाशी आहे, असे आमचे मत आहे.

फादर स्टीफन्सने हे फार आधी ओळखले होते. १६०८ साली त्याने रोमला आपल्या संघप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात देशी लिपीत पुस्तके छापण्याची जुनी इच्छा बोलून दाखवली आहे आणि ती का फळली नाही याचे पहिले कारण दिले आहे ते साच्यांचे. युरोपात चोवीस पुरतात, येथे सहाशे लागतील! ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले ते यामुळे. आम्ही वर्गात ‘क्रिस्तपुराणा’तील भाषेविषयी तासन्‌तास बोलतो, पण ती परक्या लिपीत का छापली गेली, हे विद्यार्थी विचारत नाहीत आणि आम्हीही सांगत नाही.

सुरतेच्या भीमजी पारेखाने १६७४ साली इंग्लंडहून मुद्रक आणवला, पण मुद्रकाला छापता येई, अक्षरे कोरता येत नसत. मिरजेस १८०५ साली भगवद्गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरून, म्हणजे साच्याचा प्रश्न टाळून. गाठ सोडवली ती धातूकाम पिढीजात येणाऱ्या माणसांनी. बंगालात पंचानन कर्मकाराने विल्किन्सबरोबर ठसे कोरले आणि पुढे तो श्रीरामपूरला कॅरीकडे गेला. कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली निघाले. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमच्या हाताखाली जावजी दादाजी लहानपणी टाइप घासण्याचे काम करत. त्यांनी १८६४ साली स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. पण निर्णयसागरचे जे देखणे वळण आपण ओळखतो, ते राणोजी रावजी आरू यांच्या हातचे. एम.ए.च्या अभ्यासक्रमात चिपळूणकर असतात, ते असावेतच. आरू मात्र कुठल्याच प्रश्नपत्रिकेत आम्हाला आढळले नाहीत. शिशाच्या वाफा आणि धूळ अंगात मुरवत ज्यांनी हे काम केले, त्या ओतकाऱ्यांची नावेसुद्धा आपल्यापाशी नाहीत.

साच्यांची संख्या कमी करण्यासाठी ज्या युक्त्या निघाल्या, त्यांत ‘डिग्री’ पद्धत महत्त्वाची. अक्षर मधल्या पट्टीत, मात्रा व वेलांट्या वरच्या, उकार खालच्या, अशी एका ओळीची तीन मजली जुळणी त्यात असे. जुन्या पुस्तकात निसटलेली मात्रा दिसली, तर तो नेहमीच मुद्रितशोधकाचा दोष नसतो. टिळकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एकूण टाइप १९० वर आणण्याची खटपट केली, सावरकरांनी ‘अि’, ‘अी’ सुचवले. आपण या साऱ्याला लिपिसुधारणा म्हणतो. मुळात तो साच्यांचा हिशेब होता.

या हिशेबात मोडी हरली. श्रीरामपूरला मोडीचेही टाइप पाडले गेले आणि कॅरीचा १८१० चा कोश मोडीतच छापला गेला. पण हात न उचलता लिहायची ही लिपी, तिचे एकेक अक्षर सुटे करून चौकोनी खिळ्यावर उभे करणे म्हणजे तिचा प्राणच काढणे. मुंबईच्या छापखान्यांनी बाळबोध धरली. मोडी दप्तरात, पत्रव्यवहारात आणि काही काळ शिळाछापात उरली, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला शाळेतूनही गेली.

आमच्या चांद्याकडे याचा अर्थ अगदी घरगुती आहे. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, आणि त्यांचा कारभार मोडीत चाले. अजूनही एखादा विद्यार्थी घरच्या पेटीतला पिवळा कागद घेऊन विभागात येतो आणि “सर, हे मराठीच आहे ना?” असे विचारतो. कागद मराठीच असतो. त्याच्या पणजोबांच्या शेतीचा, तलावाच्या पाण्याचा किंवा कर्जाचा असावा. मराठी विषय शिकवणारे आम्ही तिघे-चौघे तो खिडकीपाशी नेऊन उलटसुलट करून पाहतो, आणि मग नागपूरच्या एका जाणकारांकडे छायाप्रत पाठवायला सांगतो.