पाण्याखालची तार

कारध्याच्या पुलाखालून वैनगंगा पाणी आणते, तशी वाळूही आणते. ह्या पात्रात बुडालेले लोखंड हुडकावयाचे तर धातुशोधक यंत्राचे वेटोळे खाली सोडावे लागेल. वेटोळे म्हणजे तांब्याच्या तारेचे गुंडाळे. त्यात पाणी झिरपले की धातू नसतानाही यंत्र ओरडते. म्हणून आज ते एपॉक्सी राळेत ओतून बंद करतात, आणि वाळू घासावयास वर टणक कवच ठेवतात.

वेटोळे असो वा तारायंत्राची तार, पाण्याखाली अडचण तीच. डॉक्टर ओशॉनेसी यांनी 1839 साली कलकत्त्यात हुगळीच्या तळातून तार नेली. तिला डांबर फासले, चिरलेल्या वेतात घातली, वरून डांबरी सूत गुंडाळले. साधा बाजारातला माल! पुढे मलायाकडच्या झाडांचा चीक, गटापर्चा, आला. 1870 साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई-एडन तार टाकली, तीत आतला गटापर्चा पाणी अडवी आणि बाहेरचे लोखंडी तारांचे चिलखत तळाचा मार खाई.

त्या चिकासाठी झाडेच्या झाडे तोडली गेली. जहाजाचे नाव आम्हांस पुस्तकांत मिळाले. झाडे तोडणाऱ्या मजुरांपैकी एकाचेही मिळाले नाही.